मायक्रोटिक हेक्स : वाय-फाय नसलेला राउटर घरी कशाला आणायचा?

खोका उघडला की पंजात मावेल एवढी पांढरी डबी, २४ व्होल्टचा अडॅप्टर आणि घडी घातलेला एक कागद, एवढंच हाती लागतं. अँटेना नाही, वाय-फाय नाही. पाच गिगाबिट पोर्ट, एक यूएसबी, मायक्रोएसडी कार्डाची खाच. आत ८८० मेगाहर्ट्झचा ड्युअल-कोर प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि साठवण अवघी १६ एमबी. मॉडेलचं नाव हेक्स, पाठीवरच्या स्टिकरवर आरबी७५०जीआर३. मायक्रोटिक ही लाटव्हियातल्या रिगा शहरातली कंपनी. आपल्याकडे तिचं नाव घरांपेक्षा केबलवाल्यांच्या कपाटांत जास्त दिसतं. गल्लीबोळांतले छोटे इंटरनेटवाले याच कंपनीच्या यंत्रांवर ग्राहकांचे लॉगिन सांभाळत आलेत. किंमत दुकानागणिक बदलते, पाच-सहा हजारांच्या आसपास धरा.

एवढ्या पैशांत चार अँटेनांचा वाय-फायवाला राउटर येतो. मग हा कशाला?

कारण फायबर आलं आणि जोडणी रात्रंदिवस चालू राहू लागली. डायल-अपच्या दिवसांत काम संपलं की लाइन सोडायची, कारण फोनचं बिल चढायचं. आता घर झोपलं तरी दार रस्त्यावर उघडतं ते उघडतंच. आणि त्या दाराआड संगणक एखादाच असतो. बाकी कॅमेरे, त्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डीव्हीआर, टीव्ही, गिझरचा स्विच, दारावरची बेल. यांतल्या बऱ्याच वस्तूंना विकल्यानंतर कंपनीकडून एकही अपडेट मिळत नाही. २०१६मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने जगभरचे कॅमेरे आणि राउटर वेठीला धरले, तेही साठेक नेहमीच्या यूजरनेम-पासवर्डच्या जोड्या वापरून. जुलै २०१७मध्ये बीएसएनएलच्या हजारो ब्रॉडबँड मोडेमना असाच फटका बसला आणि ग्राहकांना कारखान्यातला पासवर्ड बदलायला सांगावं लागलं. दोन्ही वेळा कुणी मोठी हुशारी केली नव्हती. कुलपाची किल्ली कुलपालाच लटकत होती.

इंटरनेट कंपनी जो डबा भिंतीला लावून जाते तो कंपनीच्या ताब्यात असतो. दुरून त्याचं सॉफ्टवेअर बदलता येतं, सेटिंग पुसता येतात. शिवाय बसवणारा पोरगा घाईत वाय-फायचा पासवर्ड म्हणून घरमालकाचा मोबाइल नंबर किंवा नावापुढे ॲट आणि १२३ टाकून जातो. तो पासवर्ड मग इमारतीतल्या चार घरांना पाठ असतो. या डब्याच्या मागे आपला, आपल्या ताब्यातला राउटर असावा, हे हेक्स घेण्याचं कारण. आणि हेक्सच का, तर कारखान्यातून येणारी त्याची फायरवॉल, म्हणजे येणारी-जाणारी रहदारी तपासणारी नियमांची चौकी, या किमतीत सापडणाऱ्या सगळ्यांत शहाण्या फायरवॉलपैकी आहे आणि तिचा नियम न् नियम डोळ्यांसमोर ठेवून वाचता येतो. हेक्स घरात बसवल्यावर भोकं पडतात ती बहुतेक वेळा मालकाच्या हातून.

आधी कंपनीवरचा डाग सांगून टाकू. एप्रिल २०१८मध्ये राउटरओएस या मायक्रोटिकच्या कार्यप्रणालीत, विनबॉक्स या राउटरची मांडणी करण्याच्या सेवेत, एक भोक सापडलं. त्यातून बाहेरचा कुणीही राउटरमधली यूजर-पासवर्डची फाइल वाचू शकत होता. दुरुस्ती ६.४२.१ या आवृत्तीत लगेच आली. पण राउटर आपोआप अपडेट होत नाहीत आणि लोकांनी केले नाहीत. त्याच वर्षी ब्राझीलपासून सुरू होऊन लाखभराहून जास्त मायक्रोटिक यंत्रं परक्यासाठी क्रिप्टो नाणी खणायला जुंपली गेली. त्यातली बाब लक्षात ठेवण्यासारखी : ज्यांनी विनबॉक्सचा ८२९१ क्रमांकाचा पोर्ट (हा केबलचा नव्हे, सॉफ्टवेअरमधला दरवाजा) बाहेरच्या बाजूला उघडा ठेवला होता, ते गेले. कारखान्यातली फायरवॉल जशीच्या तशी ठेवणाऱ्यांना ते भोक बाहेरून दिसतच नव्हतं.

पहिला तास

ईथर१ हा बाहेरचा पोर्ट, त्यातून एक केबल कंपनीच्या डब्याच्या लॅन, म्हणजे घराच्या बाजूच्या, पोर्टात. लॅपटॉप ईथर२मध्ये. विनबॉक्स हा छोटा प्रोग्राम कंपनीच्या साइटवरून उतरवा. चौथी आवृत्ती लिनक्स आणि ॲपलच्या मॅकवरही चालते. ‘नेबर्स’ टॅबमध्ये राउटर दिसेल, तिथे आयपी पत्त्यावर नव्हे, मॅक पत्त्यावर, म्हणजे पोर्टाच्या स्वतःच्या हार्डवेअर क्रमांकावर, क्लिक करा. पुढे आयपी बदलताना चूक झाली तरी मॅकवरून आत शिरता येतं. नव्या नगावर पासवर्ड स्टिकरवर छापलेला असतो. जुन्या नगांवर यूजर ॲडमिन आणि पासवर्ड कोरा. स्टिकरचा फोटो काढून ठेवा, कारण रीसेट केल्यावर तोच पासवर्ड परत लागतो आणि तोवर डबी कपाटामागे गेलेली असते.

पहिलं काम अपडेट. ‘सिस्टम’मधल्या ‘पॅकेजेस’मध्ये ‘चेक फॉर अपडेट्स’, चॅनेल स्टेबल. राउटर रीस्टार्ट होऊन येतो आणि बहुतेकजण इथेच हात झटकतात. अजून अर्धं काम बाकी असतं : ‘सिस्टम’मधल्याच ‘राउटरबोर्ड’मध्ये जाऊन ‘अपग्रेड’ दाबायचं आणि पुन्हा एकदा रीस्टार्ट करायचं. त्याने बूट-फर्मवेअर नव्या आवृत्तीला जुळतं. साठवण १६ एमबीच असल्यामुळे ‘फाइल्स’मध्ये जुने बॅकअप पडून असतील तर अपडेटला जागा पुरत नाही, ते संगणकावर उतरवून तिथून पुसा.

दुसरं, ‘सिस्टम’मधल्या ‘यूजर्स’मध्ये स्वतःच्या नावाचा, फुल अधिकारांचा यूजर करा, त्याने एकदा लॉगिन होऊन पाहा, मगच ॲडमिन बंद करा. क्रम उलटा केलात तर रीसेटशिवाय गत्यंतर नाही. तिसरं, ‘आयपी’मधल्या ‘सर्व्हिसेस’मध्ये टेलनेट, एफटीपी, एपीआय, एपीआय-एसएसएल, आणि लागत नसेल तर एसएसएच व साधा वेब, हे सगळे बंद. विनबॉक्स एकटा राहू दे आणि त्याच्या ‘अव्हेलेबल फ्रॉम’ रकान्यात १९२.१६८.८८.०/२४ लिहा, ही हेक्सच्या घरच्या पत्त्यांची मालिका. फायरवॉल उद्या कुणी चुकून पुसली तरी ही दुसरी कडी लागलेली राहते.

सोपं वाटतं म्हणून ‘क्विक सेट’कडे वळू नका. पहिल्या दिवशी वापरा हवं तर. पण हाताने चार बदल केल्यावर क्विक सेट उघडून ‘अप्लाय’ दाबलं की त्या पानाला जे कळतं तेवढं ते वरून लिहून टाकतं आणि तुमचे बदल विस्कटतात.

फायरवॉल वाचून घ्या, लिहू नका

‘आयपी’मधल्या ‘फायरवॉल’च्या ‘फिल्टर रूल्स’मध्ये दहा-बारा ओळी दिसतील. इनपुट म्हणजे राउटरकडेच येणारी रहदारी, फॉरवर्ड म्हणजे राउटरमधून पलीकडे जाणारी. इनपुटमध्ये आधी सुरू असलेल्या संवादाला वाट, मग मोडकी पाकिटं (डेटाचे तुकडे) बाद, पिंगला परवानगी, आणि शेवटी एक ओळ : लॅन यादीतून न आलेलं सगळं बाद. फॉरवर्डच्या शेवटी : वॅनकडून, म्हणजे इंटरनेटच्या बाजूने, आलेलं, आपण मुद्दाम पोर्ट-फॉरवर्ड न केलेलं (घरातल्या यंत्राकडे वाट काढून न दिलेलं), ते बाद. घरासाठी एवढं पुरतं. इंटरनेटवर साठ-सत्तर ओळींच्या ‘अजिंक्य’ फायरवॉल फुकट मिळतात, पोर्ट स्कॅन करणाऱ्यांच्या याद्या बनवणाऱ्या, देशांच्या देश अडवणाऱ्या. प्रत्येक पाकीट त्या ओळींतून वरून खाली जातं, प्रोसेसर दमतो आणि सुरक्षेत भर पडते ती नावापुरती. कारण शेवटी सगळं बाद करणारी ओळ असताना आधी पन्नास जणांना वेगळं वेगळं बाद करण्याला अर्थ नसतो.

आता सगळ्यांत जास्त घरांत होणारी चूक. जोडणी पीपीपीओई असेल, म्हणजे कंपनीने यूजरनेम-पासवर्ड दिला असेल आणि डबा ब्रिज मोडमध्ये, म्हणजे स्वतः राउटर न होता नुसता दुवा म्हणून, असेल, तर हेक्सवर पीपीपीओई क्लायंट बनवावा लागतो. तो बनतो, ‘कनेक्टेड’ दाखवतो, पण पानं उघडत नाहीत. शोधाशोध करून माणूस ‘नॅट’मध्ये (घरच्या सगळ्या यंत्रांना बाहेरच्या एका पत्त्याआड नेणारी सोय) पीपीपीओईसाठी नवीन मास्करेड ओळ, म्हणजे तसं करायला सांगणारी ओळ, घालतो आणि इंटरनेट चालू होतं. काम झालं, असं वाटतं. झालेलं नसतं. वॅन यादीत फक्त ईथर१ आहे, पीपीपीओईचा इंटरफेस नाही. त्यामुळे फॉरवर्डमधली ‘वॅनकडून आलेलं बाद’ ही ओळ खऱ्या वॅनला ओळखतच नाही आणि चौकीदार बंद असलेल्या दारासमोर बसून राहतो. उपाय एका मिनिटाचा : ‘इंटरफेसेस’मधल्या ‘इंटरफेस लिस्ट’मध्ये वॅन यादीत पीपीपीओई-आउट१ जोडा आणि हाताने घातलेली मास्करेड ओळ काढून टाका. मूळ मास्करेड वॅन यादीवरच चालतो, तो आपोआप लागू होतो.

दुसरी चूक इनपुटची शेवटची ओळ ‘थोडा वेळ’ बंद करण्याची. बाहेरगावाहून राउटर पाहायचा असतो, किंवा कुठल्याशा व्हिडिओत सांगितलेलं असतं. जोडणीला सार्वजनिक, म्हणजे इंटरनेटवरून थेट पोचता येणारा, आयपी असेल तर ‘लॉग’ उघडून बसा : लाल ओळी एकाखाली एक सरकायला लागतात, लॉगिन फसलं, यूजर ॲडमिन, यूजर रूट, यूजर टेस्ट, पत्ते कुठले कुठले. आणि लॉगमध्ये न दिसणारं एक नुकसान असतं. हेक्स घरातल्या यंत्रांसाठी डीएनएसची उत्तरं देतो, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगतो. ती ओळ गेली की तो ५३ क्रमांकाच्या पोर्टवर साऱ्या जगाला उत्तरं देऊ लागतो. असे उघडे डीएनएस दुसऱ्यावर हल्ल्याचा पूर सोडायला वापरले जातात. घरमालकाला कळतं ते एवढंच की अपलोड भरलेलं आहे आणि व्हिडिओ कॉल तुटतोय.

काहीही बदलण्यापूर्वी विनबॉक्सच्या वरच्या पट्टीतलं ‘सेफ मोड’ बटण दाबायची सवय लावा. बदलामुळे तुमचाच संपर्क तुटला तर राउटर तेवढे बदल मागे घेतो. सगळं नीट चाललं की तेच बटण पुन्हा दाबून बाहेर यायचं. बाहेर न येता विनबॉक्स बंद केलं तर चांगले बदलही जातात.

पाचवा पोर्ट : कॅमेऱ्यांची वेगळी खोली

हेक्स घेण्याचं सगळ्यांत ठोस कारण हे. कॅमेरे, डीव्हीआर, टीव्ही, स्विच हे सगळं घरच्या संगणकांपासून वेगळं ठेवायचं. व्हीएलएएन (एकाच तारेवर वेगवेगळी नेटवर्कं) करता येतं, पण नवख्याने ब्रिजवर (पोर्टांना एकत्र बांधणाऱ्या मांडणीवर) व्हीएलएएन फिल्टरिंग चालू केलं की पहिल्या प्रयत्नात स्वतःलाच बाहेर कोंडून घेतो. घरासाठी पोर्टच वेगळा करणं सोपं आणि तितकंच भक्कम.

‘ब्रिज’मधल्या ‘पोर्ट्स’च्या यादीतून ईथर५ काढा. ‘आयपी’मधल्या ‘ॲड्रेसेस’मध्ये ईथर५ला १९२.१६८.५०.१/२४ हा पत्ता द्या. यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या ‘डीएचसीपी सर्व्हर’मध्ये ‘डीएचसीपी सेटअप’ हे बटण, इंटरफेस ईथर५, पुढे पुढे म्हणत जा. फक्त डीएनएसच्या पायरीला थांबून ९.९.९.९ किंवा १.१.१.१ लिहा. कारण ईथर५ लॅन यादीत नाही, म्हणून त्यावरच्या वस्तू राउटरला डीएनएस विचारायला गेल्या तर इनपुटची शेवटची ओळ त्यांना परतवते. ते तसंच असू द्या. कॅमेऱ्याला राउटरशी बोलायचं काही कारण नाही.

इथवर केलं की अनेकांना वाटतं, नेटवर्क वेगळं झालं. पत्ते वेगळे झाले, नेटवर्क नाही. फॉरवर्डमध्ये फक्त वॅनकडून येणारं अडवलं जातं. ईथर५कडून घरच्या संगणकाकडे जाणारं सरळ जातं. म्हणून फिल्टरमध्ये एक ओळ हवीच : चेन फॉरवर्ड, इन इंटरफेस ईथर५, डेस्टिनेशन ॲड्रेस १९२.१६८.०.०/१६, ॲक्शन ड्रॉप. गंतव्य म्हणून फक्त ८८ची मालिका न लिहिता अख्खी १९२.१६८ घेण्यामागे कारण आहे. कंपनीच्या डब्याचं ॲडमिन पानही बहुधा १९२.१६८.१.१ किंवा तशाच पत्त्यावर असतं आणि हेक्सच्या दृष्टीने ते वॅनकडे येतं. ८८च अडवलं तर कॅमेरा कंपनीच्या डब्यावर पासवर्ड घासत बसू शकतो.

ही ओळ सगळ्यांत खाली ठेवा. वर ‘सुरू असलेल्या संवादाला वाट’ ही ओळ आधीच आहे, त्यामुळे तुमच्या फोनने कॅमेऱ्याला हाक मारली तर त्याचं उत्तर परत येतं, पण कॅमेऱ्याने आपणहून घरात हाक मारली तर ती पडते. ओढून वर नेली तर फोनला कॅमेरा दिसेनासा होतो आणि मग लोक ओळच पुसून टाकतात.

एक अडचण मात्र येते. टीव्हीवर फोनमधून कास्ट करणं किंवा प्रिंटर आपोआप सापडणं हे शेजारी शोधण्याच्या आरोळीवर चालतं आणि ती आरोळी एका नेटवर्कातून दुसऱ्यात जात नाही. राउटरओएसच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ती पलीकडे पोचवण्याची सोय डीएनएसच्या सेटिंगमध्ये आली आहे. तेवढा खटाटोप नको असेल तर प्रिंटर घरच्या बाजूला ठेवा आणि टीव्ही कुठे ठेवायचा ते कास्ट किती वापरता त्यावर ठरवा. कॅमेरे मात्र पाचव्या पोर्टवरच.

वाय-फायचं काय

हेक्सला वाय-फाय नाही, म्हणून जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून जोडावा लागतो. त्यात ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर उत्तम. नसेल तर त्याचा डीएचसीपी सर्व्हर बंद करा, त्याला १९२.१६८.८८.२ असा पत्ता द्या आणि हेक्सकडून येणारी केबल त्याच्या वॅन पोर्टात नव्हे, लॅन पोर्टात घाला. डीएचसीपी बंद करायचं राहिलं तर घरात दोन वाटाड्ये होतात; कधी इंटरनेट चालतं, कधी नाही, आणि दोष जातो बिचाऱ्या हेक्सकडे. डब्ल्यूपीएस (पासवर्डाऐवजी बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद, सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३, पासवर्ड लांब. कॅमेऱ्यांसाठी ईथर५ला दुसरा एखादा स्वस्त ॲक्सेस पॉइंट, त्याचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. म्हणजे एकूण खर्चात आणखी हजार-दीड हजार धरा, घरात जुना राउटर पडून नसेल तर.

आणि हे केल्यावर कंपनीच्या डब्याचं वाय-फाय बंद करायला विसरू नका. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही. हे विसरलं की फोन आणि टीव्ही जुन्या ओळखीच्या नावालाच चिकटून राहतात, हेक्सच्या अंगणात पाऊलही टाकत नाहीत. पाच हजारांची फायरवॉल मग एका लॅपटॉपची राखण करत बसते. डब्याच्या सॉफ्टवेअरचं अपडेट आलं की वाय-फाय पुन्हा चालू होऊ शकतं, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी फोनमध्ये नेटवर्कची यादी पाहावी.

आयपीव्ही६ : बाजूचं दार

अनेक घरांत आयपीव्ही४चा, म्हणजे जुन्या पद्धतीचा, सार्वजनिक पत्ता मिळतच नाही. कंपनीच्या डब्याच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ने सुरू होत असेल तर तुम्ही कंपनीच्या मोठ्या नॅटच्या आड आहात. बाहेरून कुणी आपणहून तुमच्या दारापर्यंत पोचत नाही. म्हणून निर्धास्त होणं चूक, कारण त्याच जोडणीवर आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत असेल तर प्रत्येक यंत्राला स्वतःचा जागतिक पत्ता मिळतो आणि तिथे नॅटचा आडोसा नसतो.

राउटरओएस ७च्या कारखानी मांडणीत आयपीव्ही६ची स्वतंत्र फायरवॉल असते, ‘आयपीव्ही६’ मेनूत, आणि तिच्या शेवटीही ‘लॅनकडून न आलेलं बाद’ असतं. पण सहाव्या आवृत्तीवरून अपग्रेड केलेल्या जुन्या नगावर मांडणी जुनीच चालत येते. तिथे आयपीव्ही६ची यादी कोरी असू शकते. आयपीव्ही६ चालू करण्यापूर्वी ती यादी उघडून पाहा. कोरी असेल तर बॅकअप घेऊन मांडणी कारखानी अवस्थेला आणणं हा सगळ्यांत स्वच्छ मार्ग. कंपनीचा डबा ब्रिज मोडमध्ये नसेल तर बऱ्याचदा तो पुढच्या राउटरला आयपीव्ही६चा तुकडा देतच नाही. मग हेक्सच्या मागे आयपीव्ही६ नसेल. त्याने घरचं काही अडत नाही. ईथर५ला मात्र आयपीव्ही६चा पत्ता मुळीच देऊ नका, नाहीतर वर लिहिलेली आयपीव्ही४ची ओळ वळसा घालून ओलांडली जाईल.

बाहेरून घरचे कॅमेरे पाहायचे असतील तर पोर्ट-फॉरवर्ड टाळा. यूपीएनपी (यंत्रांना आपणहून राउटरमध्ये पोर्ट उघडू देणारी सोय) हेक्सवर बंदच येतं, ते बंदच राहू द्या. डीव्हीआर बसवणारा ते चालू करायला सांगेल, ऐकू नका. राउटरओएस ७मध्ये वायरगार्ड (बाहेरून घरच्या नेटवर्कात सुरक्षित शिरायचा व्हीपीएन) आहे, एक यूडीपी पोर्ट इनपुटमध्ये उघडायचा आणि फोनमध्ये ॲप. सार्वजनिक आयपीव्ही४ किंवा हेक्सपर्यंत पोचणारं आयपीव्ही६ यांपैकी एक असल्याशिवाय ते जमणार नाही, एवढं आधीच तपासा.

तपासणी

बसवल्यावर ‘पिंग लागतं का’ पाहून समाधान मानू नका. ईथर५ला लॅपटॉप लावून १९२.१६८.८८.१ला पिंग केलं तर उत्तर येईल आणि घाबरायला होईल. येणारच, कारण इनपुटमध्ये पिंगला सगळीकडून परवानगी आहे. खरी परीक्षा अशी : ईथर५वरून विनबॉक्सने राउटर उघडतो का, घरच्या संगणकाला पिंग जातं का, कंपनीच्या डब्याचं ॲडमिन पान उघडतं का. तिन्हींना नकार मिळाला पाहिजे आणि साधी वेबसाइट मात्र उघडली पाहिजे. ऑनलाइन पोर्ट स्कॅनर वापरलात तर मोठ्या नॅटच्या आडून तो कंपनीचं यंत्र तपासतो, तुमचं नाही. तो निकाल हिरवा आला तरी तुमच्याबद्दल काही सांगत नाही.

वीज, वीज आणि घड्याळ

हेक्स ८ ते ३० व्होल्ट डीसीवर चालतो आणि खातो पाचेक वॅट. म्हणजे सीसीटीव्हीवाल्यांकडे मिळणाऱ्या १२ व्होल्टच्या मिनी यूपीएसवर तो थेट चालतो, पिन बसते का तेवढी बघा. कंपनीचा डबाही बहुधा १२ व्होल्टचाच असतो. लोडशेडिंगच्या गावी याचा फायदा समजावून सांगायला नको.

आकाशातली वीज हे वेगळं प्रकरण. फायबर थेट घरात येत असेल तर काळजी कमी. पण गच्चीवरच्या स्विचमधून तांब्याची केबल खाली येते अशा इमारतींत वळवाच्या आणि परतीच्या पावसात ईथर१ पहिला बळी जातो. बाकी पोर्ट शाबूत असतील तर यंत्र फेकू नका : ईथर२ ब्रिजमधून काढा, वॅन यादीत टाका, डीएचसीपी क्लायंट किंवा पीपीपीओई त्यावर हलवा. हेक्सचे सगळे पोर्ट सारखे आहेत, कुठलाही वॅन होतो.

घड्याळाची गोम सूक्ष्म आहे. हेक्सच्या घड्याळाला बॅटरी नाही. वीज जाऊन आली की वेळ मागे राहिलेली असू शकते. तुम्ही डीएनएस एन्क्रिप्ट करून, म्हणजे डीओएचवर, लावला असेल आणि सर्टिफिकेट तपासणी चालू असेल, तर चुकीच्या वेळेमुळे सर्टिफिकेट नाकारलं जातं, नावं सापडत नाहीत, नाव सापडत नाही म्हणून टाइम सर्व्हर सापडत नाही आणि वेळ दुरुस्त होत नाही. घर ऑफलाइन, दिवे सगळे हिरवे. वेळ मागवणाऱ्या एनटीपी क्लायंटमध्ये सर्व्हर नावाने न देता आयपी पत्त्याने दिला की हा फास सुटतो.

७.१५पासून डीएनएसमध्ये ‘ॲडलिस्ट’ची सोय आहे. मालवेअर आणि जाहिरातींच्या नावांची यादी दिली की ती नावं घरात उघडतच नाहीत. मात्र डीएनएसची कॅश कारखान्यातून २०४८ केबी असते, मोठी यादी तीत मावत नाही. आधी ती वाढवा. २५६ एमबी रॅममध्ये मध्यम यादी सुखाने बसते.

कुणी घ्यावा, कुणी नको

१०० ते ३०० एमबीपीएसच्या जोडणीला फास्टट्रॅक (सुरू झालेल्या संवादांना नियमांच्या तपासणीतून सूट देणारी जलद वाट) चालू असताना हेक्स हूं की चूं करत नाही. मुलांच्या फोनला वेगमर्यादा घालायला ‘क्यूज’ वापराल तर फास्टट्रॅकमधून जाणारी रहदारी त्या मर्यादेला जुमानत नाही, आणि फास्टट्रॅक बंद केला की वेगवान जोडणीवर प्रोसेसर धापा टाकतो. गिगाबिटची जोडणी असेल किंवा नवीनच घ्यायचा असेल तर याच घराण्यातला नवा हेक्स, मॉडेल ई५०यूजी, ५१२ एमबी रॅमचा, तो पाहा. वर लिहिलेली मांडणी त्यालाही लागू पडते.

महिन्यातून एकदा ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबायची ज्यांची तयारी नाही, त्यांनी हेक्स घेऊ नये. हा खरा उणा भाग : आपोआप अपडेट कारखान्यातून चालू नसतं आणि राउटरमध्ये शिरायचा कंटाळा असलेल्या घरात दोन वर्षांनी तो २०१८सारख्या एखाद्या भोकाची वाट पाहत बसलेला असेल. अशांनी आपोआप अपडेट होणारा साधा वाय-फाय राउटर घ्यावा, त्यात गेस्ट नेटवर्क चालू करून कॅमेरे तिकडे टाकावेत आणि गेस्टला घरच्या नेटवर्कात प्रवेश देणारी खूण काढलेली आहे ना ते बघावं. निम्मं काम तेवढ्यात होतं.

मांडणी पूर्ण झाली की टर्मिनलमध्ये ‘एक्स्पोर्ट’ची आज्ञा देऊन सगळं टेक्स्ट फाइलमध्ये उतरवा आणि संगणकावर ठेवा. बॅकअपची फाइल त्याच मॉडेलवर परत बसते. एक्स्पोर्टची फाइल डोळ्यांनी वाचता येते आणि दुसऱ्या नगावर ओळीओळीने चढवता येते. सातव्या आवृत्तीत एक्स्पोर्टमध्ये पासवर्ड येत नाहीत, ते वेगळे लिहून ठेवा.

जुन्या बाजारात केबलवाल्यांनी काढलेले हेक्स निम्म्या किमतीत मिळतात आणि यंत्र म्हणून ते वाईट नसतात. पण तसा नग नुसता रीसेट करून लावू नका. रीसेट बटण दाबून धरून अडॅप्टर लावा. पाचेक सेकंदांनी दिवा लुकलुकतो, तो रीसेट. आणखी पाचांनी स्थिर होतो. आणखी पाचांनी विझतो, तिथे बोट सोडायचं. आता राउटर नेटइन्स्टॉलची, म्हणजे राउटरओएस नव्याने चढवणाऱ्या मायक्रोटिकच्या प्रोग्रामची, वाट पाहतोय. लॅपटॉप ईथर१ला लावून, विंडोजची फायरवॉल तेवढ्यापुरती बंद ठेवून, नवी कोरी राउटरओएस आत घाला, आणि मग वरून पहिल्या पायरीपासून सुरू करा.